शेजार विकत घेता येतो काय?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. मुंबईत या म्हणीचा पूर्वार्ध केव्हाच कालबाह्य झाला. येथे सामान्य माणूस घर बांधीत नाही. तो ते विकत घेतो, आणि तेही बहुधा आयुष्यात एकदाच, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन. म्हणूनच तो फार चौकस असतो. चटईक्षेत्र किती, पाणी केव्हा येते, स्टेशन किती मिनिटांवर आहे, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे की नाही, मासिक देखभाल किती पडेल, हे सर्व प्रश्न तो मोठ्याने विचारतो. एक प्रश्न मात्र तो अखेरीस आणि थोड्या हलक्या आवाजात विचारतो : "इमारतीत लोक कसे आहेत?"

या प्रश्नाचा शब्दार्थ निष्पाप आहे. शेजारी भांडखोर नसावेत, रात्री-अपरात्री गोंगाट नसावा, एवढेच कोणास हवे असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु 'लोक कसे आहेत' या शब्दांआड बहुतेक वेळा 'लोक कोण आहेत' हा प्रश्न दडलेला असतो, आणि उत्तर देणाऱ्यालाही ते नेमके ठाऊक असते. घराबरोबर शेजारही निवडून घेण्याचा हक्क आपणांस आहे काय, आणि असला तर तो कोठवर, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या परिवारातील एका तरुण जोडप्यासाठी कॉटन ग्रीनच्या आसपास घर पाहण्याचे काम आम्हांकडे आले, तेव्हापासून हा प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. कॉटन ग्रीन हे हार्बर मार्गावरील स्टेशन. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघालेली गाडी मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड अशी थांबत येथे पोहोचते. शहराच्या मध्यवर्ती भागापासून इतक्या जवळ असूनही बाहेरच्यांना हा भाग फारसा परिचित नाही. कापसाचा बाजार प्रथम किल्ल्यात, टाऊन हॉलपुढील हिरवळीवर भरत असे. १८४४ साली तो कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकात शिवडी-माझगावच्या भरावाच्या जमिनीवर आला. जागा दोनदा बदलली तरी 'ग्रीन' हा शब्द त्याने सोबत आणला. १९२५ साली याच हार्बर मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेवरची गाडी धावली. पूर्वेस बंदराची गोदामे, पश्चिमेस काळाचौकी, लालबाग, परळच्या गिरण्या, उत्तरेस शिवडी, असा हा पट्टा. कापूस येथे उतरे, शेजारच्या गिरण्यांत त्याचे सूत होई, आणि या दोन्ही कामांसाठी लागणारी माणसे याच परिसरात राहत.

ही माणसे एका गावची वा एका धर्माची नव्हती. कोकणातले होते, घाटावरचे होते, उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर होते, तेलुगू बोलणारे पद्मशाली होते. गोदीत आणि बोटींवर काम करणारे गोवेकर माझगाव-डाबूलच्या बाजूस राहत, आणि त्यांच्या आधीपासून माथारपाखाडीसारख्या वाड्यांत ईस्ट इंडियन कुटुंबे नांदत होती. आज घरांच्या जाहिरातींत 'संमिश्र वस्ती' हा गुण म्हणून सांगितला जातो. गिरणगावाने तो न सांगता शंभर वर्षे जगून दाखविला.

मात्र गिरणगावाची आठवण काढताना ती गोड करून सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. वस्ती संमिश्र होती; खोली संमिश्र नव्हती. एका गावचे लोक एका गाळ्यात राहत. गोवेकरांचे कूड गावागावांचे निराळे असत. गिरणीतसुद्धा सर्व खाती सर्वांना खुली नव्हती. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. हे बाबासाहेब परळच्या पोयबावडी येथील बी. आय. टी. चाळीत अनेक वर्षे राहिले होते. एकाच भोंग्यावर उठणारी माणसे एकाच माठातले पाणी पीत होती असे नव्हे.

तरीही गावच्या माणसांचा गाळा आणि आजच्या एखाद्या उंच इमारतीचे बंद फाटक यांना एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. गावाहून आलेल्या एकट्या पोरास गाळा म्हणजे निवारा होता, खाणावळ होती, आजारपणात पेज देणारे हात होते आणि बदलीचे काम मिळवून देणारी ओळख होती. तो ज्यांच्याबरोबर राही त्यांनी कोणाचे घर हिरावून घेतले नव्हते. दुबळ्यांनी एकमेकांना धरून राहणे ही एक गोष्ट आणि सबळांनी दुसऱ्यास बाहेर ठेवणे ही दुसरी गोष्ट. दोन्हींचे बाह्यरूप सारखे दिसते. नैतिक अर्थ सारखा नसतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. भारतातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचा गौरव होतो. १९१८ साली वांद्रे येथे सालसेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. १८९६च्या प्लेगने दाट वस्तीचे भय दाखवून दिले होते. पगारदार माणसास घरासाठी कर्ज देणारी आजच्यासारखी व्यवस्था नव्हती. एकमेकांच्या शब्दावर पैसे गोळा करावयाचे तर ओळखीची माणसे हवीत, आणि ओळख म्हणजे त्या काळी जात किंवा धर्मग्राम. आपल्या आजोबा-पणजोबांनी काटकसर करून, एकमेकांचे हप्ते सांभाळून जी घरे उभारली त्यांचा अभिमान आपणांस वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे.

पण संस्थेला जन्म देणारी गरज संपल्यावर तिच्या नियमाचे काय करावयाचे? १९२६ साली अहमदाबादेत नोंदविल्या गेलेल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सभासदत्व पारशांपुरतेच ठेवणारा तिचा पोटनियम होता. एका सभासदास आपली जागा समाजाबाहेर विकावयाची होती. २००५ साली न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, आणि भेदभाव न करण्याचे घटनेतील बंधन शासनावर आहे, खाजगी संस्थेवर ते तसेच लादता येत नाही, असा त्या निर्णयाचा थोडक्यात आशय. आपल्या समाजातील अनेकांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला असेल. कायद्याने जे करता येते ते केलेच पाहिजे असे मात्र कायदा कधीच म्हणत नाही. न्यायालयाने आपणांस दार बंद ठेवण्याची मुभा दिली. ते बंद ठेवावे की उघडावे हा प्रश्न आपल्याच विवेकाकडे परत पाठविला.

येथे १९१७ सालची बडोद्याची हकीकत आठवते. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. कोणतीही हिंदू खाणावळ त्यांना ठेवून घेणार नाही हे ठाऊक असल्याने ते पारशी नाव सांगून एका पारशी वसतिस्थानात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. मग त्यांना दोन मित्र आठवले, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने सांगितले की माझी पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. आंबेडकरांनी त्या उत्तरातील सूचना ओळखली. काही तास त्यांनी कामाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

ख्रिस्ती वाचकाने या प्रसंगातील त्या एका ख्रिस्ती घरापाशी थांबले पाहिजे. त्या गृहस्थाने आंबेडकरांचा द्वेष केला नाही. त्याने अपशब्द उच्चारला नाही. तो मित्रच होता. त्याने फक्त घरच्यांची अडचण सांगितली. काठ्या घेऊन आलेल्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्या दिवशी आंबेडकरांना गाव सोडावे लागले ते केवळ काठ्यांमुळे नव्हे. काठ्यांनी एक दार बंद केले. उरलेली दारे सौजन्याने बंद झाली. प्रत्येकापाशी पटण्याजोगे कारण होते, आणि या साऱ्या कारणांची बेरीज अशी झाली की एवढ्या मोठ्या शहरात एका माणसास पाठ टेकण्यापुरती जागा उरली नाही.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे. 'आमची एकच तर सोसायटी आहे, एवढ्या मोठ्या मुंबईत त्याला दुसरीकडे मिळेल', असे प्रत्येक संस्था म्हणू शकते, आणि प्रत्येकीचे म्हणणे सुटे घेतले तर खोटे नसते. परंतु एक इमारत शाकाहाऱ्यांची, दुसरी अमुक जातीची, तिसरी तमुक पंथाची, चौथी 'कुटुंबवत्सलांसाठी', अशी सर्वांची बेरीज केली की काही माणसे अशी उरतात ज्यांना कोणतेच दार उघडे नसते. आज या शहरात मुसलमान भाडेकरूस, दलित कुटुंबास, एकट्या राहणाऱ्या स्त्रीस याचा प्रत्यय वारंवार येतो. आपल्यालाही तो येतोच. घर पाहण्याच्या त्या काळात एका दलालाने आमचे आडनाव ऐकून आवाज खाली केला आणि विचारले, "साहेब, तुमच्याकडे मटण-मच्छी चालत असेल ना? मग त्या बिल्डिंगचं राहू द्या." तो वाईट माणूस नव्हता. आमचा हेलपाटा वाचवावा असाच त्याचा हेतू होता. घरी आल्यावर आम्ही चडफडलो. त्या चडफडाटातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला : जे दुसऱ्याच्या दारात आपण अन्याय म्हणून ओळखतो, त्यालाच आपल्या दारात परंपरा हे नाव कसे देता येईल?

याला विरोध करणाऱ्यांची बाजू पोकळ नाही, आणि ती नीट ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात : आपला समाज संख्येने लहान आहे. चार घरे एकत्र असली तर संध्याकाळी रोझरीसाठी माणसे जमतात, क्रुसापाशी दिवा लागतो, मे महिन्यातील फेस्त होतात, मुलांच्या कानावर घरची बोली पडते आणि कोणी गेले तर खांदा द्यायला माणसे असतात. हीच कुटुंबे शहरभर विखुरली तर दोन पिढ्यांत काहीच उरणार नाही. मोठ्या समाजाला विखुरण्याची भीती नसते. म्हणून त्याला मोकळेपणाचा उपदेश स्वस्तात करता येतो.

या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्याने नेमके काय सिद्ध होते ते पाहू. आपल्या लोकांनी एकत्र यावे, एकमेकांना हाक मारून बोलवावे, रिकामी झालेली जागा आधी ओळखीच्यांना कळवावी, एवढे त्याने सिद्ध होते. इतरांस मनाई असावी, हे सिद्ध होत नाही. आपल्या माणसास बोलावणे आणि परक्यास हाकलणे या दोन क्रिया एक नव्हेत. वसईच्या आणि मुंबईच्या कित्येक आळ्यांत ख्रिस्ती घरांच्या मधोमध इतरांची घरे पूर्वीपासून आहेत. त्यामुळे तेथील क्रुसापाशी दिवा लागावयाचा राहिला नाही. आणि ज्या बोलीला, ज्या प्रार्थनेला जगण्यासाठी पोटनियमाच्या कुंपणाची गरज लागते, तिची प्रकृती कुंपण घातल्याने सुधारते काय, हाही विचार करावयास हवा.

म्हणून आम्हांस दोन कसोट्या सुचतात. पहिली अशी की, ज्याच्यावर आपण दार बंद करतो त्याला दुसरे दार आहे काय? दुसरी अशी की, ज्या गरजेपोटी दार बंद केले ती गरज आज उरली आहे काय? १९१८ साली वांद्र्याच्या माळावर घर बांधणाऱ्या कारकुनाने या दोन्ही प्रश्नांस ताठ मानेने उत्तर दिले असते. त्याच भूखंडावर आज कोट्यवधींचे सदनिका-व्यवहार होत असताना त्याच्या नातवास तसे उत्तर देता येईल काय, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

इतर देशांनी या प्रश्नाशी निरनिराळ्या मार्गांनी झुंज घेतली आहे. अमेरिकेत काळ्या लोकांस घर विकू नये अशी अट खरेदीखतातच घातली जाई. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत असे ठरविले, आणि १९६८ साली घरविक्रीतील वर्णभेदास कायद्याने बंदी झाली. सिंगापूरने १९८९ पासून सरकारी वसाहतींतील प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय अशा गटांचे प्रमाण ठरवून दिले. पहिल्या मार्गाने दार उघडले, पण गोरे लोक उपनगरांत निघून गेले आणि वस्त्या पुष्कळशा वेगळ्याच राहिल्या. दुसऱ्या मार्गाने शेजार लाभला, पण ज्या गटाचा वाटा भरला त्याच्या माणसास आपले घर हव्या त्या गिऱ्हाइकास विकता येईना. कायदा दोन कुटुंबांना एका जिन्यावर आणून सोडू शकतो. वाटीभर साखर मागावयास पाठवू शकत नाही. तरीही जिना एक असल्याखेरीज वाटी हलणारच नाही, म्हणून कायद्याचे काम कमी लेखू नये.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. आतापर्यंत आपण दारात अडविणाऱ्यांविषयी बोललो. संमिश्र वस्तीत जे आनंदाने राहावयास येतात ते तरी मोकळे आहेत काय? कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग येथे आज जे मनोरे उभे राहत आहेत त्यांखालच्या जमिनीला इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतील असंख्यांना गिरणीचे दार पुन्हा दिसले नाही. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक वाटा मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना व एक मालकाला मिळावयाचा होता. २००१ साली तो हिशेब केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता करण्यात आला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. सार्वजनिक वाटा त्यामुळे फार आटला. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस यांचे घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ पासून निघालेल्या सोडतींत त्यांतील थोड्यांनाच मुंबईत घर लाभले.

तेव्हा त्या मनोऱ्यात घर घेणारे तरुण जोडपे अपराधी आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याने कोणाचा संप मोडला नाही, कोणता नियम बदलला नाही. तेही पगारातून हप्ते भरीत आहे. त्याने घर न घेतल्याने एकाही कामगारास ते मिळणार नाही. परंतु अपराध नसला म्हणजे ऋण नसते असे नाही. जेथे आपण राहावयास जातो तेथील वस्ती कोणीतरी आपल्या आधी घडविलेली असते. तिचा बाजार, तिच्या शाळा, तिचे उत्सव, तिचा भरवसा, हे सारे आपणांस आयते मिळते आणि खरेदीखतात त्याची किंमत लिहिलेली नसते. 'संमिश्र वस्ती' म्हणून जाहिरात झालेला गुण हा बिल्डरने बांधलेला नाही. तो त्यांनी बांधला ज्यांना त्या इमारतीत जागा नाही.

हे ऋण कसे फेडावयाचे? मोठ्या शब्दांनी नव्हे, लहान वर्तनाने. नव्या सोसायटीच्या पहिल्याच सभेत कोळणीला, भाजीवाल्याला फाटकाबाहेर घालविण्याचा ठराव येतो; त्या वेळी हात वर न करणे. मोलकरणींसाठी निराळी लिफ्ट हवी असे कोणी म्हणाला तर उभे राहून नको म्हणणे. खाली चाळीत पाणी येत नसेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात जाणाऱ्या अर्जावर आपलीही सही असणे. अभ्युदयनगरसारख्या तीन हजारांहून अधिक कुटुंबांच्या वसाहतीचा पुनर्विकास होताना जुन्या रहिवाशांच्या हक्काच्या बाजूने बोलणे, जरी त्यामुळे आपल्या घराचा भाव तसूभर कमी होत असला तरी. आणि पुढे कधी आपणच घर भाड्याने देऊ तेव्हा आडनाव ऐकून आवाज खाली न करणे.

आपल्या समाजाच्या अनेक जुन्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सात-आठ घरांच्या जागी तीस-चाळीस घरे होतील आणि विक्रीच्या घरांत कोणास घ्यावयाचे, हा विषय कार्यकारी समितीपुढे येईल. त्या बैठकीत या लेखाचे वाचक बसलेले असतील. 'बाहेरचे नकोत' असे कोणीतरी म्हणेल, आणि म्हणणारा बहुधा वाईट माणूस नसेल. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, अडीअडचणीला धावणारा असा कोणी असेल. त्याच्याशी भांडण करण्याचे कारण नाही. त्याला एवढेच विचारावे, की आपल्या मुलाला उद्या दुसऱ्या गावी घर हवे असेल तेव्हा तेथल्या समितीने कोणता ठराव केलेला तुम्हांस आवडेल?

घर विकत घेता येते. मुद्रांक शुल्क भरून, नोंदणी करून त्याचा मालकी हक्क मिळतो. शेजार तसा मिळत नाही. तो निवडून घेण्याचा जितका आटापिटा करावा तितका तो लहान होत जातो, आणि अखेरीस केवळ आपलीच सावली शेजारी म्हणून उरते. करारनाम्यावर सही करताना चारही बाजूंच्या भिंतींची मोजमापे आपण तपासून घ्यावीत, ते शहाणपणाचेच आहे. भिंतीपलीकडे कोण येणार हे मात्र आपल्या हाती असू नये, आणि जे कोणी येईल त्याच्याशी कसे वागावयाचे हे सर्वस्वी आपल्या हाती असते.